भांडुपचा स्थानिक इतिहास आणि दैनंदिन सुरक्षिततेचे शिक्षण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात 'सामान्यज्ञान' या संज्ञेला फार जुने स्थान आहे. भारतातील पहिली आगगाडी केव्हा धावली, कारखानदारीविषयीचा पहिला कायदा कोणत्या वर्षी झाला, मुंबईला पाणी पुरविणारे तलाव कोणते, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम केव्हा संमत झाला, अशा प्रश्नांची उत्तरे शालेय स्तरापासून स्पर्धा परीक्षांपर्यंत विद्यार्थी पाठ करीत आलेले आहेत. दुसरीकडे 'सुरक्षितता' हा विषय सूचनाफलकांच्या भाषेत शिकविला जातो. रूळ ओलांडू नका, पाणी उकळून प्या, आग लागल्यास उद्वाहनाचा वापर करू नका. या दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याला, पुष्कळदा एकाच वर्षात शिकविल्या जातात. परंतु त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्याला क्वचितच सांगितले जाते.

वस्तुतः सुरक्षिततेचा प्रत्येक नियम हा इतिहासाचा एक दस्तऐवज असतो. कोणत्या तरी ठिकाणी, कोणत्या तरी वर्षी माणसे दगावली आणि त्यानंतर तो नियम लिहिला गेला. नियम शिल्लक राहतो आणि त्यामागील घटना विस्मरणात जाते. घटना विस्मरणात गेली की नियम केवळ उपदेश वाटू लागतो आणि उपदेशाकडे दुर्लक्ष करणे फार सोपे असते.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील भांडुप हे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठिकाण आहे. पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगा, पूर्वेस ठाण्याच्या खाडीलगतची मिठागरे व खारफुटी आणि या दोहोंच्या मध्ये लोहमार्ग, जुना आग्रा रस्ता (आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग), कारखाने, दाट लोकवस्ती व संपूर्ण महानगराला पाणी पुरविणारा जलशुद्धीकरण प्रकल्प अशी या उपनगराची रचना आहे. रेल्वे, पाणी, कारखाना, डोंगर आणि अग्नी या पाच संदर्भांत आधुनिक नागरी जीवनातील धोक्यांचा व संरक्षणाचा इतिहास येथे अल्प अंतरात अभ्यासता येतो.

उद्दिष्टे :

१) भांडुपच्या जडणघडणीतील प्रमुख टप्प्यांचा सुरक्षिततेच्या अंगाने आढावा घेणे.
२) सुरक्षाविषयक नियम व कायदे कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीतून निर्माण झाले, याचा शोध घेणे.
३) सुरक्षिततेची जबाबदारी व्यक्तीची की व्यवस्थेची, या प्रश्नाची इतिहासाच्या आधारे चिकित्सा करणे.
४) सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात या सामग्रीचा उपयोग कसा करता येईल, हे सुचविणे.

साष्टीतील गाव ते महानगराचे उपनगर :

भांडुप हे मूळचे साष्टी बेटावरील गाव. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी मराठ्यांकडून जिंकून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तिच्यावरील त्यांचा ताबा कायम झाला. पुढे शीवच्या बांधामुळे मुंबई बेट साष्टीशी जोडले गेले व ठाण्याकडे जाणारी वाहतूक वाढली. तरीही शेती, मिठागरे आणि डोंगरपायथ्याचे आदिवासी पाडे हेच या भागाचे स्वरूप दीर्घकाळ टिकून होते. खिंडीपाडा, टेंभीपाडा, तुळशेतपाडा ही भांडुपमधील आजची वस्तिनामे या पूर्वस्थितीची साक्ष देतात. स्थलनाम हे इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते. 'खिंडीपाडा' या नावात तर भूरचनाही सांगितलेली आहे. खिंड म्हणजे डोंगरातील वाट. आणि जी माणसांची वाट असते, ती पावसाळ्यात पाण्याचीही वाट असते. पुढील विवेचनात या गोष्टीचे महत्त्व स्पष्ट होईल.

१९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द पूर्व बाजूस भांडुपपर्यंत वाढविण्यात आली व १९५७ मध्ये ती मुलुंडपर्यंत पोहोचली. आज भांडुप हे महानगरपालिकेच्या 'एस' विभागात मोडते. गाव महानगरात सामील झाले, त्याच सुमारास स्वातंत्र्योत्तर औद्योगिकीकरणालाही वेग आला. परिणामी या भागाची लोकसंख्या नियोजनापेक्षा फार अधिक गतीने वाढली.

लोहमार्ग : वेग आणि जबाबदारी :

मुंबई-ठाणे लोहमार्गाची कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीच्या वेळी सुचली, अशी नोंद भारतीय रेल्वेच्या इतिहासलेखनात आढळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन निघालेली १४ डब्यांची पहिली आगगाडी ठाण्यापर्यंतच्या २१ मैलांच्या प्रवासात भांडुपच्या शिवारातूनच गेली. ही तारीख प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. मात्र आपण रोज ज्या रुळांवरून प्रवास करतो, ते त्याच मार्गावर आहेत, ही जाणीव तिच्यासोबत येत नाही.

आगगाडीबरोबर या भूमीवर एक नवा धोका आला. बैलगाडी आणि घोडा यांच्या वेगाला सरावलेल्या माणसाच्या नजरेला गाडीच्या वेगाचा अंदाज येत नाही. वेगात असलेली उपनगरी गाडी ब्रेक लावताच थांबत नाही. तिला थांबण्यासाठी काही शे मीटर अंतर लागते. समोरून येणाऱ्या गाडीकडे लक्ष असताना शेजारच्या रुळावरील गाडीचा आवाज त्यात मिसळून जातो. भांडुपसारख्या अनेक मार्गिकांच्या टप्प्यात हा धोका दुणावतो. आणखी एक बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवी. मध्य रेल्वेचा उपनगरी मार्ग पूर्वी १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालत असे. २०१५ मध्ये तो २५००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आणला गेला. इतक्या उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श होण्याची गरज नसते. तिच्या फार जवळ जाणेही प्राणघातक ठरते. डब्याच्या टपावर चढणाऱ्या अथवा पुलावरून लोखंडी सळई खाली सोडणाऱ्या व्यक्तीला हे ठाऊक असेलच असे नाही.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. असे असूनही मुंबईच्या उपनगरी मार्गावर अनेक वर्षे दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आली. केवळ शिक्षेच्या तरतुदीने हा प्रश्न सुटला नाही, हे यावरून उघड होते. लोहमार्गाने वस्तीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. शाळा एकीकडे, घर दुसरीकडे, बाजार तिसरीकडे अशी स्थिती असताना पादचारी पूल, सरकते जिने व संरक्षक कुंपण यांचा अभाव हेही मृत्यूचे कारण असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा येथे गर्दीने भरलेल्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडून किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नव्या उपनगरी गाड्यांना स्वयंचलित दारे बसविण्याचा निर्णय रेल्वे प्रशासनाने जाहीर केला. दारात उभे राहू नका, ही सूचना त्यापूर्वी अनेक दशके दिली जात होती. सूचना पुरेशी नाही, रचना बदलली पाहिजे, हे मान्य होण्यासाठी माणसे जावी लागली.

पाणी : शुद्धीकरणाचा इतिहास आणि वाटपाचा प्रश्न :

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईकर विहिरी व तलाव यांवर अवलंबून होते. वाढत्या लोकसंख्येस ते अपुरे पडू लागल्यावर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहार तलाव बांधण्यात आला व १८६० मध्ये शहराला नळाने पाणी मिळू लागले. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, १९८० च्या दशकात भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी या व्यवस्थेची वाढ झाली. याच काळात जगभरात पाणी आणि रोग यांचा संबंध शास्त्रीयदृष्ट्या स्पष्ट होत होता. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीचा प्रसार एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखविला. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे शहराच्या पाणीपुरवठ्यात क्लोरिनचा नियमित वापर सुरू झाला. आज गृहीत धरले जाणारे 'नळाचे स्वच्छ पाणी' हे अशा दीर्घ प्रयत्नांचे फलित आहे.

भांडुप संकुल हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. १९८० च्या सुमारास कार्यान्वित झालेल्या येथील जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता प्रतिदिन १९१० दशलक्ष लिटर इतकी होती व आशियातील सर्वांत मोठ्या केंद्रांत त्याची गणना होत आली आहे. पुढे त्यात ९०० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्राची भर पडली. तलावांतून आलेल्या पाण्यात तुरटीसारखे रसायन मिसळून गढूळपणाचे सूक्ष्म कण एकत्र आणले जातात, ते तळाशी बसू दिले जातात, नंतर पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते व शेवटी क्लोरिनद्वारे निर्जंतुक केले जाते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील हे चार टप्पे भांडुपच्या विद्यार्थ्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दररोज घडत असतात.

जो क्लोरिन जीव वाचवितो, तोच १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून वापरला गेला. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने गळती झाल्यास तो सखल भागात साचतो. म्हणून अशा प्रसंगी तळघरात किंवा नाल्याकडे न जाता वाऱ्याच्या दिशेला आडवे, उंच जागी जावे आणि नाकातोंडावर ओला कपडा धरावा, असे सांगितले जाते. सिलिंडरमधील स्वयंपाकाचा वायूही हवेपेक्षा जड असतो. मात्र तो ज्वालाग्राही असल्याने तेथे खिडक्या-दारे उघडणे, रेग्युलेटर बंद करणे व विजेचे कोणतेही बटण न दाबणे महत्त्वाचे ठरते. दोन्ही वायू जड, परंतु धोका वेगळा व म्हणून उपायही वेगळा. कारण समजले तर सूचना पाठ करावी लागत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१७ व १८ जुलै २०२१ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत या संकुलातच पाणी शिरले. विद्युत यंत्रणा बंद पडली, शुद्धीकरण व उपसा थांबला आणि मुंबईच्या बहुतांश भागाचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. नागरिकांनी पाणी उकळून प्यावे, असे आवाहन महानगरपालिकेस करावे लागले. पुरामुळे पाणीपुरवठा खंडित व्हावा, यातील विरोधाभास लक्षणीय आहे. दीडशे वर्षांत उभारलेली व्यवस्था किती मोठी आहे आणि त्याचबरोबर ती किती नाजूक आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका रात्रीने दाखवून दिल्या.

येथे वाटपाचा प्रश्नही उपस्थित होतो. ज्या उपनगरात महानगराचे पाणी शुद्ध होते, त्याच उपनगराच्या डोंगरउतारावरील अनेक कुटुंबांना पाण्यासाठी हंडे वाहावे लागल्याचा इतिहास आहे. मुंबईतील अनधिकृत ठरविलेल्या वस्त्यांना अधिकृत नळजोडणी नाकारली जात असे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी निर्णय देताना मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असून घर अनधिकृत असल्याच्या कारणावरून तो पूर्णतः नाकारता येणार नाही, अशी भूमिका घेतली. २०२२ मध्ये महानगरपालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले. पाणी उकळून प्यावे, हा सल्ला देण्यापूर्वी पाणी मिळते का, हा प्रश्न विचारणे सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

कारखाना : यंत्राचे कुंपण आणि कामगाराचा जीव :

स्वातंत्र्योत्तर काळात जुन्या आग्रा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भांडुप परिसरात कारखाने उभे राहिले. एशियन पेंट्सचा रंगांचा कारखाना, सिएटचा टायरचा कारखाना, गेस्ट कीन विल्यम्सचा (जीकेडब्ल्यू) लोखंडी उत्पादनांचा कारखाना ही त्यांपैकी परिचित नावे. कोकण, पश्चिम महाराष्ट्र तसेच उत्तर व दक्षिण भारतातून आलेला श्रमिकवर्ग येथे स्थिरावला.

या कामगारांना जे संरक्षण मिळाले, त्याची मुळे मुंबईच्या गिरण्यांत होती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली व धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालणे आवश्यक ठरविले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि दीर्घ प्रयत्नांनंतर १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. सुटीचा इतिहास हा सुरक्षिततेचाच इतिहास आहे; कारण थकलेला हात यंत्रात सापडण्याची शक्यता अधिक असते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने कामावर असताना होणाऱ्या अपघाताचे दायित्व मालकावर टाकले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांची सविस्तर तरतूद केली.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर या विचाराला नवे वळण लागले. धोका कारखान्याच्या भिंतीच्या आत थांबत नाही, हे त्या रात्री सिद्ध झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, घातक प्रक्रियांसंबंधी १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात झालेली दुरुस्ती आणि १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम ही त्याची फलिते होत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० अमलात आली असून कारखाने अधिनियमाची जागा आता या संहितेने घेतली आहे. १८८१ पासूनच्या या क्रमात एक सूत्र दिसते. आरंभी अपघात हा कामगाराचा निष्काळजीपणा वा नशीब मानला जाई. हळूहळू तो व्यवस्थेचा दोष म्हणून ओळखला जाऊ लागला. सुरक्षिततेची खरी प्रगती या दृष्टिबदलात आहे.

मुंबईतील उत्पादक उद्योगांना विसाव्या शतकाच्या अखेरीस उतरती कळा लागली. भांडुप परिसरातही कारखान्यांच्या जागी निवासी संकुले व व्यापारी केंद्रे आली. कामगारांना ज्यांनी येथे आणले, ते उद्योग गेले. कामगारांची घरे मात्र डोंगराच्या उतारावर राहिली.

डोंगर : उतारावरील वस्ती :

सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन त्यावर मुरूम व मातीचा थर तयार होतो. सलग मुसळधार पावसात हा थर पाणी शोषून जड होतो, कणांमधील घर्षण कमी होते व उतारावरील माती घसरू लागते. झाडे तोडणे, घरासाठी उताराचा पायथा खणणे, सांडपाण्याला वाट नसणे यांमुळे हा धोका वाढतो. १२ जुलै २००० रोजी घाटकोपर येथे दरड कोसळून साठाहून अधिक माणसे मरण पावली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व महानगरात शेकडो बळी गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला, तर १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली.

भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल ज्या रात्री पाण्याखाली गेले, त्याच रात्री चेंबूर व विक्रोळी येथील दुर्घटनांत आणि भांडुप येथे भिंत कोसळून मुंबईत एकूण सुमारे तीस माणसे दगावली. भांडुपमधील मृत हा शाळा-महाविद्यालयाच्या वयाचा मुलगा होता. महानगराच्या स्मरणात ती रात्र पाणी न आल्याची म्हणून राहिली. काही घरांच्या दृष्टीने ती सर्वस्व गेल्याची रात्र होती. एकाच पावसाचे हे दोन अर्थ सामाजिक विषमतेचे दर्शन घडवितात.

दरडीची पूर्वचिन्हे ओळखता येतात. जमिनीला वा भिंतीला नव्या भेगा पडणे, विजेचे खांब व झाडे कलणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसू लागणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या जागी पाझर फुटणे, संरक्षक भिंतीला फुगवटा येणे ही त्यांपैकी प्रमुख होत. संरक्षक भिंतीतील पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे बुजली, तर भिंतीमागे पाण्याचा दाब वाढतो आणि जी भिंत रक्षणासाठी बांधली, तीच घातक ठरते. ही छिद्रे मोकळी आहेत किंवा कसे, हे पाहणे विद्यार्थ्यांच्या गटाला सहज शक्य आहे. मात्र पूर्वचिन्ह दिसल्यावर ते कुटुंब रात्री जाणार कोठे, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याकडे नसते. संक्रमण निवारा, पुनर्वसन व परवडणारी घरे ही शासनाची जबाबदारी आहे.

डोंगरालगतच्या वस्तीला वन्यजीवांचाही शेजार आहे. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले. त्यानंतरच्या अभ्यासांतून बिबटे पकडून अन्यत्र सोडल्याने प्रश्न सुटत नाही, असे दिसून आले. उघड्यावरील कचरा भटक्या कुत्र्यांना व कुत्री बिबट्यांना आकर्षित करतात. येथेही वरवर वैयक्तिक दक्षतेचा वाटणारा प्रश्न कचरा-व्यवस्थापनाशी व रस्त्यावरील दिव्यांशी जोडलेला आढळतो.

अग्नी : स्मरण आणि विस्मरण :

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. आग विझविताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. महाविद्यालयांत या सप्ताहानिमित्त प्रात्यक्षिके होतात. मात्र या तारखेचा संबंध मुंबईशीच आहे, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना ज्ञात नसते.

२५ मार्च २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास भांडुप पश्चिमेकडील ड्रीम्स मॉलला आग लागली. या इमारतीच्या वरच्या मजल्यावर करोनाच्या रुग्णांवर उपचार करणारे रुग्णालय होते. खाली पेटलेल्या आगीचा धूर वर पोहोचला व किमान दहा रुग्णांचा मृत्यू झाला. आगीत ज्वालांपेक्षा धूर अधिक घातक असतो आणि तो वरच्या दिशेने झपाट्याने पसरतो. म्हणून धुरातून बाहेर पडताना जमिनीलगत वाकून जावे, जिन्याचा वापर करावा, दारे बंद करीत जावे, हे नियम सांगितले जातात. परंतु प्राणवायूवर असलेला रुग्ण वाकून चालू शकत नाही. त्याची सुरक्षितता सर्वस्वी इमारतीच्या रचनेवर, धूर बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेवर, मोकळ्या मार्गांवर व परवानगी देणाऱ्यांच्या सचोटीवर अवलंबून असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याने वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे. आपल्या गृहनिर्माण संस्थेने, आपल्या महाविद्यालयाने हे प्रमाणपत्र गेल्या जानेवारीत सादर केले काय, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी नागरिकशास्त्र खऱ्या अर्थाने शिकला, असे म्हणता येईल.

अध्यापनविषयक विचार :

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन स्तरावर पुढील उपक्रम सुचविता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरण अभ्यास हा पदवी अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग बनला. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून कार्यरत आहे. या दोन्हींच्या प्रकल्पकार्यात स्थानिक इतिहासाला स्थान देता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील वयोवृद्ध रहिवासी व निवृत्त कामगार यांच्या मौखिक मुलाखती घ्याव्यात. नाले, संरक्षक भिंती, पादचारी पूल व बाहेर पडण्याचे मार्ग यांचा नकाशा तयार करावा. प्रत्येक सूचनाफलकामागील घटनेचा शोध घ्यावा. आपत्कालीन सेवांसाठी ११२, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महानगरपालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १९१६ हे क्रमांक पाठ असणे आवश्यकच आहे. तथापि मदत कोठे बोलवायची हे अचूक सांगता येण्यासाठी आपल्या गल्लीची ओळखखूण सांगण्याचा सरावही तितकाच आवश्यक आहे. दाट वस्तीत अग्निशमन वाहन कोठपर्यंत येऊ शकते, हे नकाशावर दाखविणे हा सामाजिक शास्त्रांचा उत्तम प्रात्यक्षिक पाठ ठरेल.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. व्यवस्थेच्या जबाबदारीवर भर दिल्यास विद्यार्थ्यांमध्ये वैयक्तिक दक्षतेविषयी शैथिल्य येईल काय? हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. रुळावर उतरलेल्या मुलाला पादचारी पूल नसल्याचे कारण वाचवू शकत नाही. म्हणून दक्षता शिकविलीच पाहिजे. परंतु केवळ दक्षता शिकविली, तर प्रत्येक अपघातात मृतालाच दोषी धरण्याची सवय लागते व ज्यांनी पूल, भिंत वा धूर बाहेर सोडणारी यंत्रणा उभारावयाची असते, ते उत्तरदायित्वातून मुक्त होतात. दक्षता आज जीव वाचविते, व्यवस्थेतील सुधारणा उद्याचे जीव वाचविते. दोहोंचे शिक्षण एकत्र देणे, हाच यावरील मार्ग आहे.

निष्कर्ष :

१) भांडुपच्या इतिहासात रेल्वे, पाणीपुरवठा, उद्योग, डोंगरवस्ती व व्यापारी इमारती हे विकासाचे टप्पे होते, तसेच ते नव्या धोक्यांचेही टप्पे होते.
२) सुरक्षाविषयक बहुतेक नियम व कायदे दुर्घटनांनंतर निर्माण झाले. त्या घटनांचे विस्मरण झाल्यास नियमांचे सामर्थ्य क्षीण होते.
३) १८८१ च्या कायद्यातील यंत्राच्या कुंपणापासून आजच्या स्वयंचलित दारांपर्यंत सुरक्षिततेची प्रगती ही जबाबदारी बळी पडलेल्या व्यक्तीकडून व्यवस्थेकडे सरकल्यामुळे झालेली आहे.
४) धोक्याचे वाटप समान नाही. एकाच पावसात कोणाची गैरसोय होते, तर कोणाचा जीव जातो.
५) सामान्यज्ञानाचे अध्यापन स्थानिक इतिहासाशी जोडल्यास तारखांना अर्थ व सूचनांना कारण प्राप्त होते.

भांडुपमधून १८५३ मध्ये पहिली गाडी गेली, हे सांगता येणे म्हणजे माहिती. त्या मार्गावर आज पादचारी पूल कोठे आहे, कोठे नाही आणि का नाही, हे विचारता येणे म्हणजे ज्ञान. सामाजिक शास्त्रांच्या वर्गातून विद्यार्थी या दुसऱ्या प्रश्नासह बाहेर पडला, तर पुढील दुर्घटनेची वाट न पाहता नियम लिहिणारे व त्याची अंमलबजावणी मागणारे नागरिक घडण्याची शक्यता निर्माण होईल.